घरच्यांचा केसपेपर

४ फेब्रुवारी, मंगळवार

ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच मशीनच्या खणात टाकशील, म्हणून वर भाऊजींचं नाव घातलं आहे. त्यांच्यावर चिडू नकोस. आता फोडलंच आहे तर वाच. फोन तू तीन वर्षं उचलत नाहीस, मग दुसरं काय करू?

गेल्या गुरुवारी पोस्टात गेले होते. रांगेत तिसरी एक बाई उभी होती, राखी शाल, हातात पिशवी, मान पुढे काढलेली. मला वाटलं आई आहे. आई गेल्याला तीन वर्षं झाली आणि मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, पण मी रांग सोडून दोन पावलं पुढे गेले. मग त्या बाईनं मान वळवली आणि ती तू होतीस. मी तिकिटं न घेताच बाहेर पडले. तू मला पाहिलं नाहीस. पाहिलं असशील तर तसं दाखवलं नाहीस, ते तुला छान जमतं.

ताई, आईची पाठ तशी झाली तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. तू एकसष्ठ वर्षांची आहेस. मी भाऊजींना विचारलं, तेव्हा ते आधी हो-नाही करत होते, मग म्हणाले की दोन महिन्यांपासून तुझ्या पाठीत उसण भरली आहे आणि तू शेक घेतेस. आणि दोऱ्यांचा डबा वरच्या फळीवरून काढायला हल्ली तुला स्टूल लागतं. ती फळी भाऊजींनी तुझ्या हाताच्या मापानं ठोकली होती, मला आठवतंय. फळी काही वर सरकलेली नाही. अख्ख्या गल्लीची मापं घेतेस, एकदा टेप स्वतःला लाव.

आमच्या दवाखान्यात ठिसूळ हाडांसाठी वेगळा कक्ष आहे. हाडांची घनता मोजायचं यंत्र आहे, टेबलावर दहा मिनिटं पडून राहायचं, दुखत नाही, खुपत नाही. नंतर डॉक्टरीणबाई औषध ठरवतात. सगळं सरकारी आणि सगळं नीट. तू फक्त ये. मी तुला प्लास्टरच्या खोलीच्या मागच्या दारानं आत घेते. यंत्रावरची मुलगी माझ्या ओळखीची आहे. रांग नको, केसपेपर नको, कसलीच भानगड नको.

जुनं काही बोलायचं नाही. हाडांपुरतं ये.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

भाऊजींकडून कळलं की पत्र दोनदा वाचलंस, घडी करून ठेवलंस आणि म्हणालीस, "तिला सांगा, माझी पाठ माझी मी बघेन." पाठ कुणालाच स्वतःची दिसत नाही, ताई. शिंपीणबाईंना दोन आरसे लागतात.

रागावू नकोस. मला सरळ बोलता येत नाही म्हणून असं तिरकं लिहिते. तुला ते माहीत आहे.

सकाळच्या वेळी मी हल्ली हाडांच्या कक्षातही काम करते. आमची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेला पोळते. आमच्या बायकांना गोळी चालते, अर्धा तास चालत नाही. म्हणून ज्यांना हवं त्यांना त्या दिवशी सकाळी आम्ही फोन करतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या रोज नवी सबब काढतात. परवा म्हणाल्या, "सिस्टर, मी आडवी नाहीये, तिरकी आहे." मी म्हटलं, "बाई, तिरक्या माणसांचा मला घरचा अनुभव आहे, उभ्या राहा." हसून हसून त्यांचा अर्धा तास निघून गेला.

बाकी इथे एक नवीनच काम निघालं आहे. गेल्या चार वर्षांत खुब्याचं हाड मोडून आलेले साठ जण डॉक्टरीणबाईंनी शोधून काढले आहेत. प्रत्येकाचं पाहायचं, की खुबा मोडायच्या आधी त्यांचं मनगट, खांदा, काही मोडलं होतं का. पन्नाशीनंतर नुसत्या साध्या पडण्यानं मनगट मोडलं तर ते हाडांनी दिलेलं बोलावणं असतं, असं त्या म्हणतात. आमच्या कक्षाचं सगळं काम त्यावरच चालतं. दर सोमवारी प्लास्टरच्या खोलीची नोंदवही येते, तिच्यातून पन्नाशीच्या पुढचे निवडायचे, त्यांना कार्ड पाठवायचं, तपासायचं, औषध सुरू करायचं, म्हणजे पुढचं मोठं हाड वाचतं. तेव्हा आता पाहायचं, की कोण आमच्या हातून निसटलं.

यादीत आईचं नाव आहे. अठरा नंबरला. पुढे लिहिलंय, पूर्वी हाड मोडल्याची नोंद: नाही.

असो.

त्या फरशीचं मी जे बोलले होते ते रागाच्या भरात बोलले होते. सोडून दे ते. इतकी वर्षं धरून ठेवण्यासारखं काही नव्हतं त्यात.

तपासणीला ये.

तुझी धाकटी

३ मार्च, सोमवार

ताई,

मागच्या पत्रात मी "असो" लिहिलं. तो शब्द लिहिल्यापासून मला धड जेवण गेलेलं नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी यादी पुरी केली. साठांपैकी बावीस जणांचं आधी काहीतरी मोडलं होतं, त्यातले चौदा आपण बोलावले होते, आठ निसटले. कसे निसटले ते त्या एकेकाचं पाहत होत्या. यादी वरखाली चाळताना अठरा नंबरवर बोट ठेवून थांबल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "सिस्टर, या तुमच्या आई ना? यांचं आधी काहीच मोडलं नव्हतं. म्हणजे आपल्याला कळायला वावच नव्हता. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, ताई. मी "हो मॅडम" म्हटलं आणि पट्ट्या मोजायला लागले.

तुला सगळं माहीत आहे. तरी मला ते एकदा लिहिलंच पाहिजे, कारण मी ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही.

साडेचार वर्षांपूर्वी आई अंगणातल्या पायरीवर हात टेकून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तू तिला रिक्षातून आणलंस. रांग फाटकापर्यंत होती. तू विचारलंस, "केसपेपर काढू का गं?" आणि मी म्हटलं, "कशाला? घरचंच तर माणूस आहे." मागच्या दारानं आत घेतलं, ओळखीवर एक्स-रे काढला, तू तिचा कोपर धरून उभी राहिलीस आणि मी प्लास्टर घातलं. वीस मिनिटांत सगळं आटोपलं. आई काय खूश होती! बाहेर पडताना रांगेकडे बघत मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "माझी लेक इथे सिस्टर आहे." मलाही ते आवडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर मीच घरी येऊन कापलं.

नोंदवहीत नाव केसपेपरच्या नंबरावरून चढतं. केसपेपर नाही म्हणजे नंबर नाही, नंबर नाही म्हणजे नोंद नाही. हाडांचा कक्ष तेव्हा सुरू होऊन दोन महिने झाले होते. त्या सोमवारीही नोंदवही गेली, निवडलेल्यांना कार्डं गेली. आईला गेलं नाही. मी रोज त्या वहीवर हात ठेवून काम करत होते आणि माझ्या डोक्यातही आलं नाही की आपल्या आईचं वय एकोणऐंशी आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चौदा महिन्यांनी खुबा मोडला. भरती करताना त्या तरुण डॉक्टरनं विचारलं, "यांचं पूर्वी कधी हाड मोडलं होतं?" आई कण्हत होती. मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? केसपेपरशिवाय प्लास्टर घातलं हे उघड झालं असतं म्हणून. एवढंच. तेवढ्याच कारणासाठी मी आईच्या उशाशी उभं राहून खोटं बोलले.

तू खाटेच्या पायाशी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. तुझ्याच हातात तो कोपर होता, तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू गप्प राहिलीस. तू मला सांभाळून घेतलंस, ताई.

आणि मी काय केलं? चार महिन्यांनी आई गेली, त्या आठवड्यात तुझ्या स्वयंपाकघरात, भाऊजींच्या देखत, म्हणाले, "तू फरशी ओली ठेवलीस म्हणून आई पडली."

मी आई पडल्यावर तासाभरानं पोचले होते. फरशी कोरडी होती. ओली मी पाहिलीच नव्हती. मला कुणीतरी हवं होतं, आणि तू समोर भांडी विसळत होतीस. माझ्या चुकीचं खापर मी तुझ्या डोक्यावर फोडलं. तू नळ बंद केलास, हात पुसलेस आणि आत निघून गेलीस. तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. मी लोकांना सांगत फिरते, "आमची ताई फार मनाला लावून घेते."

वेळेवर औषध मिळालं असतं तर खुबा वाचला असता का, कुणीच सांगू शकत नाही. औषधानं मोडायचं प्रमाण कमी होतं, बंद होत नाही. कदाचित मोडला असताच. कदाचित नसताही. त्या "कदाचित"वर तिचा हक्क होता आणि मी तो रांग चुकवायच्या नादात घालवला.

माफी माग म्हणशील तर मागते. नाही म्हणशील तरी मागते. मला माफ कर, ताई. चूक माझी होती, तुझी कणभरही नव्हती.

तुझी घाईबाई (आई उगाच म्हणत नव्हती)

११ मार्च, मंगळवार

ताई,

गेल्या मंगळवारी, म्हणजे तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सांगून टाकलं. वाटलं होतं बाई आग पाखडतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि एकच विचारलं, "असे आणखी किती?"

मला प्रश्नच कळला नाही. मग कळला. मी काय एकटीच होते का? इथे वॉर्डातल्या प्रत्येकाला आई आहे, सासू आहे, मावशी आहे. सगळ्यांना आपण घरचे म्हणून मागच्या दारानं घेतो आणि त्यात मोठेपणा मानतो. रांगेतल्या अनोळखी बाईला कार्ड जातं, आणि आपल्या आईला जात नाही.

तेव्हा मला शिक्षा म्हण किंवा काम म्हण, हे मिळालं: प्रत्येक खोलीत जाऊन विचारायचं, "तुम्ही घरच्या कुणाला केसपेपरशिवाय प्लास्टर घातलंय का?" पहिल्या दिवशी सगळे साळसूद. एक्स-रेवाला म्हणाला, "छे, मी कधीच नाही," ज्यानं आईचा काढला होता तोच. मी म्हटलं, "माझ्यापासून सुरू करते," आणि आईचं सगळं सांगितलं. तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "माझी सासू. गेल्या वर्षी. मनगट." मग एकेक करत सुटले. काही माझ्यावर उखडले आहेत, डबा खाताना माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. ऑफिसातून मला खुलासा द्या म्हणून कागद आला आहे. दिला. जे घडलं ते लिहिलं.

आजपर्यंत अशा अकरा जणी निघाल्या. अकराही जणींना कार्डं गेली, त्यातल्या तिघी येऊनही गेल्या. खिडकीवर पाटी लागली आहे: घरच्यांचाही केसपेपर काढावा. पाटीचं अक्षर माझं आहे.

आता तुझं. पहिल्या पत्रात मी तुला "मागच्या दारानं ये" असं लिहिलं होतं. बघ, तोंडातून पहिलं तेच निघालं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ते मी मागे घेते. तू पुढच्या दारानं ये. दोन नंबरच्या खिडकीवर नाव सांग, केसपेपर काढ, रांगेत उभी राहा. दीड तास लागेल. बाकं आहेत, पाठ दुखली तर बस, पण नंबर सोडू नकोस.

मला तुझी भीती वाटते, ताई. तुझ्याविषयीची भीती. मी खुबे मोडलेल्या बायका रोज बघते. तू स्टुलावर चढून दोऱ्यांचा डबा काढतेस, हे डोक्यात आलं की हातातलं प्लास्टर वाळून जातं. आईच्या वेळी मला दिसलं नाही. तुझं दिसतंय आणि मला काही करता येत नाहीये, कारण तू माझं ऐकावंस असं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही.

घनतेची तपासणी गुरुवारी असते. येत्या दोन्ही गुरुवारी मी रजा टाकली आहे. दवाखान्यात माझं तोंड तुला दिसणार नाही. माझ्यावर राग धर, हवा तेवढा धर, पण तो घेऊन रांगेत उभी राहा.

घाईबाई

२१ मार्च, शुक्रवार

ताई,

काल मी घरी बसून कपाटं आवरली. भाऊजींना फोन केला नाही. सकाळी कामावर आले आणि आधी तपासणीची नोंदवही उघडायचं धाडस झालं नाही, म्हणून सगळे पेले विसळले. मग उघडली.

सदतिसावा नंबर. तुझं नाव.

खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितलं, एक बाई आल्या होत्या, पाटीसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांना विचारलं, "हे कुणी लिहिलंय?" ते म्हणाले, "प्लास्टरच्या सिस्टरनी." तेव्हा त्या म्हणाल्या, "ओळ वाकडी गेली आहे." खरंच गेली आहे. तुझी नजर अजून शिवणीचीच.

डॉक्टरीणबाईंनी तुझे कागद मला दाखवले, बहीण म्हणून नाही, फोनच्या कामासाठी. पाठीचा एक मणका दबला आहे. उसण नव्हती ती. उंची पाच सेंटिमीटर कमी झाली आहे. पण दोन्ही खुबे शाबूत आहेत, ताई. शाबूत आहेत. वेळेत आलीस. मी ती ओळ चारदा वाचली.

मग तू भरलेला फॉर्म वाचला. आमचे फॉर्म बायका भराभर भरतात, निम्मे रकाने मोकळे सोडतात. तू एकही सोडला नाहीस. त्यात विचारलेलं असतं, आईवडिलांपैकी कुणाचं हाड साध्या पडण्यानं मोडलं होतं का. खाली दोनच ओळींची जागा असते. तू समासातून फिरवून, कडेकडेनं लिहिलं आहेस:

"हो. आईचं. आधी उजवं मनगट, मग डावा खुबा. खुबा घरात चालताना पडून. फरशी कोरडी होती. मनगटाला प्लास्टर माझ्या धाकट्या बहिणीनं घातलं. हात सरळ जुळला. आई शेवटपर्यंत त्याच हातानं जेवली."

मी तो कागद घेऊन चादरींच्या खोलीत गेले आणि ढसाढसा रडले. एक्स-रेवाला दारात आला, दार ओढून घेऊन गेला.

फरशीचं तू लिहिलंस ते बरं केलंस. ते कुठेतरी लिहिलेलं असायलाच हवं होतं. आणि आईच्या मनगटाची नोंद आता दवाखान्यात आहे, तुझ्या केसपेपरात. मी "नाही" म्हटलं होतं तिथे तू "हो" लिहिलंस. डॉक्टरीणबाईंनी यादीत अठरा नंबरसमोरचं खोडून तारखेसह नवं लिहिलं आणि मला सही करायला लावली. मी केली.

फॉर्मच्या शेवटी विचारतात, गोळीच्या दिवशी दवाखान्यातून फोन करावा का. तिथे तू लिहिलंस, "हो. रविवारी सकाळी सात. घाई नको."

करते. गोळी आधी हातात काढून ठेव, पाणी पेलाभर घे, अर्धवट नको. मग खुर्चीत ताठ बस किंवा घरात फिर, पण दोऱ्यांचा डबा खाली काढून ठेवायला भाऊजींना सांग, स्टुलाला हात लावायचा नाही. अर्धा तास आडवं व्हायचं नाही. तोवर मी फोनवर आहे. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस, मुख्याध्यापिकाबाईंच्या सबबी सांगेन. नियमानं मला अर्धा तास फोन ठेवता येत नाही आणि तुलाही.

तुझी,
घाईबाई